सिव्हिलची आयसीटीसी, अण्णांना टोचलेली सुई आणि २८ गोळ्या

आत्ता हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला गेल्या तीन दिवसांत दुसऱ्याला वापरलेली सुई टोचली असेल, कंडोम फाटला असेल, कुणी जबरदस्ती केली असेल, तर रिव्ह्यू नंतर वाचा, आधी जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि तिथल्या डॉक्टरांना एचआयव्ही टाळायच्या पेपच्या गोळ्यांबद्दल विचारा. ७२ तासांच्या आत पहिली गोळी पोटात जावी लागते, आणि जितकी लवकर तितकी चांगली, दोन तासांत गेली तर सगळ्यात उत्तम. बाकीच्यांनी निवांत वाचा, मोठं आहे.

तर हा रिव्ह्यू आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमधल्या आयसीटीसीचा आणि तिथून मिळालेल्या पेपच्या गोळ्यांचा आहे. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशन करतात ती खोली, आणि पेप म्हणजे संसर्गाची शक्यता असलेली घटना घडून गेल्यावर एचआयव्ही अंगात मुक्काम करू नये म्हणून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या. मला स्वतःला हे दोन्ही शब्द पाच महिन्यांपूर्वी माहीत नव्हते. गावाचं नाव लिहीत नाहीये, कारण आमच्याकडं घंटागाडीवरच्या माणसांना अख्खं गाव तोंडानं ओळखतं आणि हे माझ्या वडिलांबद्दल आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, ते म्हणाले लिही पण माझं नाव नको.

अण्णा अकरा वर्षं झाली घंटागाडीवर कंत्राटी आहेत. सकाळी सहाला घराबाहेर पडतात आणि दोन-अडीचला येतात. त्या दिवशी साडेनऊच्या सुमारास एका सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात काळी कॅरीबॅग होती, ती वर येईना म्हणून त्यांनी तळहातानं खाली दाबून पिळा मारला आणि अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी घुसलं. हातात मोजे होते पण कसले, ते सुती, बांधकामावर देतात तसले, ओले झाले की चाळणीच. बॅग फाडली तर चहाचा चोथा, लहान मुलाचं डायपर आणि त्यात टोपण नसलेली सुई लावलेली सिरिंज. आत रक्त होतं आणि अजून लाल होतं, हे अण्णांनी मला नंतर दोनदा सांगितलं, म्हणजे त्यांच्याही डोक्यात ते राहिलंच असणार. तरी काय केलं, तर अंगठा खूप वेळ पिळून रक्त काढलं, टपरीवरून हळद मागून दाबली, रुमालाची पट्टी बांधली आणि दुपारपर्यंत उरलेल्या दोन गल्ल्या पूर्ण केल्या.

हे सगळं चुकीचं होतं हे आम्हाला नंतर कळलं. सुई टोचली की साबण आणि वाहत्या पाण्यानं नीट धुवायचं एवढंच. पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट डेटॉल ब्लीच काही ओतायचं नाही, पिळल्यानं आणि जळजळीत काही लावल्यानं तिथली कातडी अजून दुखावते आणि फायदा काहीच नाही. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्यानं भरपूर धुवायचं. अकरा वर्षांत हे चार शब्द कुणीही या माणसाला सांगितले नव्हते.

मी मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळी सातला घरी आले तेव्हा पट्टी दिसली. अण्णा म्हणाले काच लागली. मी पट्टी सोडायला गेले तसं हात मागं घेतला आणि मग हळूच खरं सांगितलं. लगेच गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक दिलं, ३५० रुपये झाले. मी बाहेर पडता पडता विचारलं, डॉक्टर एचआयव्हीचं काही बघायला नको का, तर म्हणाले असं कचऱ्यातल्या सुईनं काही होत नसतं, उगाच डोक्यात घेऊ नका. नाव घेणार नाही त्यांचं, माणूस वाईट नाही, आजीला रात्री-अपरात्री तपासायला घरी येतात. आणि शक्यता कमी असते हे ते बोलले ते खोटंही नाही. पण कमी असते हे एक आणि काहीच करायचं नाही हे वेगळं, आणि या दोन्हींतला फरक आम्हाला त्या रात्री कुणी सांगितला असता तर पहिली गोळी दहा तासांत गेली असती. आमची गेली तिसाव्या तासाला. तो राग माझा अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरच्या ताई भेटल्या, त्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहेत. मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं तर त्यांनी दुसरं काही न विचारता पहिलं हेच विचारलं, किती तास झाले. मी बोटांवर मोजले, सत्तावीस. त्या म्हणाल्या गाडी काढ आणि सरळ सिव्हिलला जा, उद्या म्हणू नको.

आता अण्णा तयार होईनात. मला काय तसला रोग झालाय का, तिथं कुणी बघितलं तर काय सांगू, गाडीच्या ड्रायव्हरची बायको तिथं सफाईला आहे, संध्याकाळच्या आत सगळ्या मुकादमांना कळेल. दीड तास यात गेला. मी रडकुंडीला आले. शेवटी आई आतून आली, तिच्या हाताला कणीक तशीच होती, आणि म्हणाली, अहो, जगाची घाण उचलताना कधी लाजला नाहीत, आता आपल्या जिवाचं बघायला कसली लाज. अण्णा काही बोलले नाहीत, चप्पल घातली.

कॅज्युअल्टीचं सांगते. केसपेपरला पैसे लागले नाहीत. गर्दी होती, एक ॲक्सिडेंटची केस आली होती, पण मी खिडकीवर सुई टोचलीय, कालची आहे असं सांगितल्यावर सिस्टरनी आम्हाला बाकावर बसूच दिलं नाही, डायरेक्ट आत नेलं. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, पंचवीस-सव्वीसचे असतील. त्यांनी विचारलेलं सगळं लिहून ठेवतेय, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर तयारी राहील. किती वाजता टोचली, सुई आतून पोकळ होती का शिवायची असते तशी भरीव, रक्त दिसत होतं का, ओलं होतं का वाळलेलं, किती खोल गेली, मोजे होते का, कुणाची सुई आहे ते माहीत आहे का. आमच्या केसमध्ये सुई कुणाची ते कळणं शक्यच नव्हतं. पोकळ सुई, ओलं रक्त, खोल टोचलेली, हे सगळं ऐकून ते म्हणाले आपण सुरू करूया.

अण्णांनी विचारलं, साहेब किती टक्के चान्स आहे. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली आणि सांगितलं, काका, ज्याला नक्की एचआयव्ही आहे आणि जो औषधं घेत नाही अशा माणसाची ताजी सुई हजार जणांना टोचली तर साधारण तिघांना लागण होते. तुमची सुई कुणाची ते माहीत नाही, म्हणजे तुमचा चान्स त्याच्याहून खूप कमी. पण तीन तर तीन, ते तुम्ही नसावेत म्हणून गोळी. आणि एचआयव्हीपेक्षा मला काविळीची काळजी जास्त आहे, बी काविळीचं इंजेक्शन घेतलंय का कधी. अण्णांनी ते कधीच घेतलेलं नव्हतं. लस न घेतलेल्या माणसाला हेपेटायटिस बी असलेल्याची सुई टोचली तर शंभरात तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते, हे ऐकून मी गारच पडले, कारण काल रात्रभर मी फक्त एचआयव्ही एचआयव्ही करत मोबाईल बघत होते, या काविळीचं कुणी नावही काढत नाही. पहिला डोस तिथंच दिला, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी.

मग सिस्टरनी कपाटातून गोळी काढून हातावर ठेवली. एकच गोळी. मला वाटलं होतं मूठभर असतील. मी बॅगेतली पाण्याची बाटली दिली, अण्णांनी गोळी घेतली, घड्याळात साडेतीन वाजले होते. सहा तास आधी आलो असतो तर, असं माझ्या मनात चाललं होतं ते बहुतेक तोंडावर दिसलं असणार, सिस्टर म्हणाल्या आलात ना, आता पुढचा एकही दिवस चुकवू नका बस्स.

आयसीटीसी दुसऱ्या दिवशी सकाळी. आता इथं मी अर्धा स्टार कापलाय तो का ते सांगते, खोली सापडत नाही. ओपीडीच्या मागच्या बाजूला, रक्तपेढीच्या बोळातून पुढं, जिन्याखाली. केसपेपरवर लिहिलेला रूम नंबर जुना, दारावर दुसराच. बोर्ड आहे पण तो आत वळल्यावर दिसतो, बाहेर बाणसुद्धा नाही. मग माणसाला विचारावं लागतं आणि विचारलं की वॉचमन मोठ्यानं, एचआयव्हीचं का, ते तिकडं! अण्णा तिथूनच परत फिरले होते, मी दंड धरला. हॉस्पिटलवाल्या कुणी हे वाचलं तर कृपा करून एक बाण लावा, मुख्य दरवाजापासून, नुसतं आयसीटीसी आणि रूम नंबर. एवढ्या चांगल्या खोलीपर्यंत माणूस पोचायच्या आधीच घरी जातो.

आणि खोली खरंच चांगली आहे. म्हणजे भिंतीला ओल आहे, पंखा खडखडतो, टेबलावर कंडोमचा डबा आणि बाजूला रजिस्टरांचा ढीग, पण दार बंद होतं. सरकारी दवाखान्यात बंद दाराआड कुणी आपल्याशी वीस मिनिटं बोलतं हे मी पहिल्यांदा बघितलं. समुपदेशक मॅडम चाळिशीच्या असतील. आत गेल्या गेल्या त्यांनी माझ्याकडं बघून हसून सांगितलं, तू बाहेर बस, आधी मी काकांशी एकटी बोलणार, नंतर त्यांना वाटलं तर तुला बोलवू. मला जरा लागलं, मी आणलंय त्यांना. पण अण्णांचा चेहरा त्या वाक्यानं सैल झाला ते मी बघितलं. लेकीसमोर त्यांना काय काय बोलता आलं नसतं.

आत काय झालं त्यातलं अण्णांनी मला जेवढं सांगितलं तेवढंच सांगते. मॅडमनी सहीचा कागद पुढं केला तसं अण्णांनी पेन उचललं, तर म्हणाल्या थांबा काका, आधी ऐका, ही तपासणी तुम्ही हो म्हणाल तरच करायची, नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि रिपोर्ट तुमच्याशिवाय कुणालाही मिळणार नाही, मुलीलासुद्धा नाही, मुकादमाला तर नाहीच. हे नुसतं चांगुलपणानं नाही, कायदा आहे, २०१७ चा एचआयव्ही कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. संमतीशिवाय तपासायचं नाही आणि कुणाचं स्टेटस बाहेर सांगायचं नाही, कामावरून काढायचं नाही. अण्णांचं पहिलं टेन्शन मुकादमाचंच होतं, ते तिथं संपलं.

पहिली तपासणी कशाला, सुई तर परवा टोचलीय, हा प्रश्न मलाही होता. तर ही आधीची स्थिती बघायला असते. म्हणजे आज निगेटिव्ह आहे हे नोंदवायचं, कारण कालपरवाची लागण आज कुठल्याच तपासणीत दिसत नाही, शरीराला अँटिबॉडी तयार करायला वेळ लागतो. म्हणून पुढं सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत. बोटाला टोचून नाही, दंडातून रक्त घेतलं, रिपोर्ट दुपारी मिळाला, निगेटिव्ह. कुणाचा पहिल्या किटवर पॉझिटिव्ह आला तर तेवढ्यावर सांगत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच सांगतात. सोबत दोन्ही काविळींची म्हणजे बी आणि सीची तपासणी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, हे सगळं तिथंच, फुकट.

शेवटची तपासणी होईपर्यंत कंडोम वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही, हेही सांगितलं. अण्णांनी मला फक्त रक्तदानाचं सांगितलं. दुसरं मला आईकडून कळलं, कारण मॅडमनी आईला पुढच्या वेळी घेऊन या म्हणून निरोप दिला होता आणि तिच्याशीही दार लावून बोलल्या.

आता बाहेरच्या बाकाचं. अण्णा आत होते तेव्हा माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, एआरटीच्या म्हणजे एचआयव्ही असलेल्यांनी रोज घ्यायच्या गोळ्या न्यायला आलेल्या, ते सेंटर पलीकडच्याच दारात आहे. मी नखं खात बसलेली बघून त्यांनीच विचारलं, पहिल्यांदा आलीस का. मी सांगून टाकलं सगळं, अनोळखी माणसाला सांगायला सोपं जातं. त्या म्हणाल्या गोळी कुठली दिली बघू. मी केसपेपर दाखवला, तर त्यांनी पिशवीतून आपली पांढरी बाटली काढली, त्यावरचं नाव माझ्यासमोर धरलं. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर. तीच गोळी. म्हणाल्या, तुझ्या अण्णांना अठ्ठावीस दिवस, मला कायमची, एवढाच फरक.

मग त्यांनी पोरीचं सांगितलं. गरोदरपणात तपासणी झाली तेव्हा कळलं, नवरा त्याआधीच आजारी होता, पुढं गेला. त्या वेळी आत्तासारखी गरोदरपणभर औषधं सगळ्यांना देत नव्हते, कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याचंच पातळ औषध, एवढंच होतं. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला जायचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतो, आता आईनं पहिल्यापासून रोज गोळ्या घेतल्या तर शंभरात एक-दोनवर येतो. त्यांच्या पोरीची तपासणी निगेटिव्ह आली. यंदा बारावीला आहे, सायन्स घेतलंय. आणि म्हणाल्या, आता माझ्या रक्तात विषाणू मशीनला पण सापडत नाही एवढा कमी झालाय, मॅडम सांगतात असं राहिलं तर संबंधातून कुणाला लागत नाही. हे मी घरी येऊन वाचलं तर खरंच आहे, नियमित गोळ्या घेऊन ज्यांचा व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण सापडेनासं होतं त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हजारो जोडप्यांवर अभ्यास झालाय. मला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला लाल रिबन आणि कवटीचं चित्र दाखवलं होतं फक्त. त्या बाईंच्या शेजारी मी पाऊण तास बसले होते, आणि बसताना आधी जरा अंतर ठेवून बसले होते, हे मला आठवतंय आणि वाईट वाटतं.

गोळीबद्दल. बाटलीत ३० असतात, २८ घ्यायच्या. गोळी लांबट आहे, घशाला थोडी जड जाते, पण दिवसातून एकदाच, आणि जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर घ्या, चालतं. अण्णांना पहिले पाच-सहा दिवस मळमळ झाली, डोकं जड, आणि झोप उडाली, रात्री विचित्र स्वप्नं पडायची. रात्री घ्यायचे ते मॅडमना विचारून सकाळी केलं, मग झोप सुधारली. एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची, जी गोळ्या देणाऱ्या फार्मासिस्टनी विचारून काढली. अण्णांना ॲसिडिटी आहे, ते गुलाबी पातळ औषध रोज दोन झाकणं पितात. त्यातल्या ॲल्युमिनियम मॅग्नेशियमनं ही गोळी अंगात शोषली जात नाही. म्हणून गोळी ते औषध घ्यायच्या दोन तास आधी घ्यायची नाहीतर सहा तास नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तसंच आहे. हे विचारलं नसतं तर अण्णा रोज इमानदारीत गोळी घेत राहिले असते आणि निम्मी वाया गेली असती. त्या फार्मासिस्ट दादांना माझ्याकडून वेगळे पाच स्टार.

घरात आजीनं तिसऱ्या दिवशी अण्णांचं ताट आणि तांब्या वेगळा काढला. तिला वाईट हेतू नव्हता, तिनं तिच्या माहेरी असं बघितलेलं. अण्णा त्या वेगळ्या ताटात जेवले, काही बोलले नाहीत, पण भाकरी अर्धी ठेवली. मी आजीला समजावलं की एका ताटात जेवून, एका माठातलं पाणी पिऊन, डास चावून, एका संडासात जाऊन हे होत नाही, आणि अण्णांना तर काही झालेलंसुद्धा नाही. तिला माझं पटलं नाही. मग आईनं काहीही न बोलता अण्णांच्या ताटात हात घालून त्यांची उरलेली अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ताट परत मांडणीवर होतं.

इंटरनेटवर पेप आणि प्रेप दोन्ही वाचून मी गोंधळले होते, कुणाचा होत असेल तर सांगते. पेप घटना घडल्यानंतर, २८ दिवस, तीन औषधं. प्रेप आधीपासून, म्हणजे ज्यांना धोका पुन्हापुन्हा आहे, जोडीदार पॉझिटिव्ह आहे आणि त्याचा व्हायरल लोड अजून खाली आलेला नाही किंवा असं काही, त्यांनी निगेटिव्ह असतानाच रोज घ्यायची, त्यात दोन औषधं असतात, आणि ती सुरू करायच्या आधी आणि मधूनमधून तपासणी करावीच लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दोन्हीपैकी काहीही मेडिकलमधून आणून खाऊ नका. मॅडमनी कार्ड दिलं त्यावर १०९७ हा नॅकोच्या म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर होता, कुणाला तोंडानं विचारायची लाज वाटत असेल तर आधी तिथं विचारा.

बाकीच्या तक्रारी म्हणजे, समुपदेशक एकच आहेत. सहा आठवड्यांच्या तारखेला त्या ट्रेनिंगला गेल्या होत्या आणि आम्हाला परत दुसऱ्या दिवशी यावं लागलं, अण्णांचा एक रोज बुडाला. सोमवारी तर जाऊच नका, गरोदर बायकांची तपासणी असते, बोळात उभं राहायला जागा नसते. आणि खोलीबाहेर पाणी नाही. वागणुकीबद्दल मात्र चार वेळा जाऊन एकदाही कुणी तोंड वाकडं केलं नाही, अण्णांना कुणी अरे-तुरे केलं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण अण्णांच्या अंगावर तो पिवळा कोट असला की बँकेतसुद्धा त्यांना कुणी अहो म्हणत नाही.

ठेकेदाराचं थोडं लिहायचंय. अण्णांनी झाल्या प्रकाराचं सांगितलं तेव्हा ठेकेदाराच्या माणसानं बघून काम करत जा एवढं म्हणून सिव्हिलमधल्या दोन दिवसांचे पैसे कापले. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी सांगितलं की जिथं कामात असा धोका आहे तिथं सुरक्षेची साधनं आणि गरज पडली तर पेप देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी त्याच एचआयव्ही कायद्यात लिहिलेली आहे. आम्ही तसा अर्ज केला, आईनं शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतला. पैसे अजून आले नाहीत. जाड रबरी मोजे मात्र आले, सहा जणांना.

आणि तुम्ही सगळे जे घरात इन्सुलिन घेता, किंवा घरी कुणाला सलाईन इंजेक्शन चालू असतं, तुम्हाला हात जोडून विनंती आहे, ती सुई कॅरीबॅगेत टाकू नका. जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, फिनेलची नाहीतर फॅब्रिक कंडिशनरची, सुई त्यात टाका, भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी मारा, मार्करनं सुया असं लिहा आणि गाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या, तोंडानं सांगून द्या. अण्णांच्या सोसायटीत आता दोन घरं असं देतात. त्यातल्या एक आजी बाटलीला लाल दोरा बांधतात, म्हणजे अण्णांना लांबूनच कळावं.

सहा आठवड्यांची निगेटिव्ह आली, तीन महिन्यांची निगेटिव्ह आली. तीन महिन्यांच्या रिपोर्टच्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदा स्वतःहून मला आत बोलावलं, मॅडमना म्हणाले ही बसू दे. पुढच्या महिन्यात सहा महिन्यांची तपासणी आणि काविळीचा तिसरा डोस एकाच दिवशी आहे, मंगळवार काढलाय. तेव्हा मुख्य दरवाजापाशी बाण लावलाय का ते बघून इथंच लिहीन आणि लावला असेल तर तो अर्धा स्टार परत देईन.